एकोल पॉलितेक्निक : वर्गातील विनोद आणि सत्ता

शिक्षणसंस्थेचा इतिहास लिहावयाचा म्हटला म्हणजे स्थापनेचा कायदा, अभ्यासक्रमाचे तक्ते, प्राध्यापकांची नामावळी आणि कीर्तिमंत झालेल्या माजी विद्यार्थ्यांची यादी, एवढी साधने बहुधा पुरेशी मानली जातात. संस्था कशी असावी असे तिच्या चालकांना वाटत होते, हे ह्या साधनांतून कळते. बाकांवर बसलेल्यांना ती कशी भासत होती, हे मात्र त्यांतून क्वचितच कळते. ते जाणून घ्यावयाचे असेल तर एका उपेक्षित साधनाकडे वळावे लागते. विद्यार्थी कोणाला हसत होते, कशासाठी हसत होते आणि त्या हसण्याची किंमत कोणाला मोजावी लागली, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पण तो नीट विचारला तर संस्थेच्या अंतरंगाविषयी बरेच काही सांगून जातो.

प्रस्तुत लेखात पॅरिस येथील एकोल पॉलितेक्निक ह्या आद्य तंत्रविद्यालयाचा ह्या दृष्टीने विचार करावयाचा आहे. काळ स्थापनेपासून सुमारे तीस वर्षांचा, म्हणजे १७९४ पासून १८२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंतचा घेतला आहे. ह्या काळातील ज्या हकीकती उपलब्ध आहेत त्यांच्यावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. येथील विद्यार्थ्यांचा विनोद हा केवळ तारुण्यसुलभ खोडकरपणा नव्हता. शाळेने जो नियम विद्यार्थ्यांना शिकविला तोच नियम अधिकाऱ्यांना लावून पाहणे, हे त्याचे स्वरूप होते. आणि म्हणूनच तो विनोद कधी अध्यापकाला, कधी विद्यार्थ्याला, तर एकदा साऱ्या शाळेलाच महागात पडला.

१

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या युद्धकाळात रस्ते, पूल, तटबंदी आणि तोफखाना ह्यांसाठी शिक्षित अभियंत्यांची विलक्षण टंचाई निर्माण झाली. जुन्या राजवटीतील शाळा विस्कळीत झाल्या होत्या. ह्या निकडीतून १७९४ मध्ये ‘सार्वजनिक बांधकामांची केंद्रीय शाळा’ स्थापन करण्याचे ठरले, आणि १७९५ मध्ये तिलाच एकोल पॉलितेक्निक हे नाव मिळाले. गास्पार माँज, लाझार कार्नो, फुर्क्रवा आदी मंडळी तिच्या उभारणीत अग्रभागी होती. देशातील २२ शहरांत प्रवेशपरीक्षा घेऊन पहिल्या वर्षी सुमारे ४०० विद्यार्थी निवडण्यात आले. निवड जन्मावर अथवा शिफारशीवर नव्हे, तर गणितातील तोंडी परीक्षेवर होती. विद्यार्थ्यांकडून शुल्क घेण्याऐवजी त्यांनाच वेतन मिळे. ते शाळेत राहत नसत. नगरातील सज्जन नागरिकांच्या घरी त्यांची सोय केलेली असे.

शिक्षणाची पद्धतीही नवी होती. विशाल सभागृहात प्राध्यापकाचे व्याख्यान होई. त्यानंतर विद्यार्थी लहान लहान तुकड्यांनी अभ्यासिकेत बसून तोच विषय पुन्हा हाताळीत. व्याख्यानाच्या वेळी प्राध्यापक कोणाही विद्यार्थ्यास नावाने पुकारून फळ्यापाशी बोलावी व प्रश्न विचारी. पुढे ‘रेपेतित्यर’ म्हणजे उजळणी घेणारे सहायक अध्यापक नेमले गेले आणि तोंडी परीक्षा हा दैनंदिन जीवनाचा कणाच झाला.

ह्या पद्धतीचा एक परिणाम तिच्या कर्त्यांच्या ध्यानात आला नसावा. फळ्यापाशी उभा राहणारा विद्यार्थी साऱ्या वर्गासमक्ष परीक्षिला जातो हे खरे; पण त्याच वेळी परीक्षा घेणाराही साऱ्या वर्गासमक्षच उभा असतो. प्रश्न चुकीचा असेल, उत्तर समजले नसेल, तर ते शंभर डोळ्यांना दिसते. शिवाय ज्या शास्त्रात मोठ्यांचे वचन प्रमाण नसून सिद्धता हेच प्रमाण असते, त्या शास्त्राच्या पाठशाळेत पदाचा दरारा फार वेळ टिकत नाही.

२

फ्रांस्वा आरागो हे १८०३ मध्ये ह्या शाळेत दाखल झाले. पुढे ज्योतिर्विद आणि पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी नाव मिळविले. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८०९ मध्ये, ते ह्याच शाळेत प्राध्यापकही झाले. आपल्या तारुण्याच्या आठवणी त्यांनी आयुष्याच्या अखेरीस लिहविल्या, आणि त्या त्यांच्या मृत्यूनंतर, १८५४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. आपल्या विषयाचे हे सर्वांत समृद्ध साधन होय.

प्रवेशपरीक्षा तुलूझ येथे झाली. गास्पार माँज ह्यांचे बंधू लुई माँज हे परीक्षक होते. आरागोंच्या आधीच्या उमेदवाराने घाबरून काहीच उत्तर दिले नव्हते. तेव्हा तुम्हीही तसेच करणार असाल तर विचारण्यात अर्थ नाही, असे परीक्षकाने सुरुवातीसच सुनावले. आरागोंनी उत्तर दिले की, माझ्या सोबत्याला त्याने दाखविले त्याहून अधिक येते. आणि परीक्षा न घेता परत पाठविणे ह्यापेक्षा मोठी नामुष्की मला ठाऊक नाही. तेव्हा प्रश्न विचारणे हे आपले कर्तव्यच आहे. परीक्षा सुरू झाली, ती दीर्घ काळ चालली आणि अखेर परीक्षकाने उठून ह्या मुलाला मिठी मारली.

शाळेतील पुढील परीक्षेस समोर लजांद्र होते. नाव ऐकताच, असे नाव असणारा फ्रेंच असूच शकत नाही, असे त्यांनी म्हटले. त्यावर, फ्रेंच असल्याचे सिद्ध केल्यावाचून कोणाला ह्या शाळेत प्रवेश मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही, असे आरागोंनी शांतपणे सांगितले. नंतर फळ्यावर त्यांनी जी रीत वापरली ती वर्गात शिकविलेली नव्हती. ती कोठून आणली, ह्या प्रश्नाला, आपल्याच एका निबंधातून, असे उत्तर मिळाले. मला खूश करावे म्हणून निवडली काय, असे लजांद्रांनी विचारले. नाही, ती अधिक चांगली वाटली म्हणून, असे आरागो म्हणाले. आणि ती का चांगली, हे त्यांना तेथेच सिद्ध करावे लागले. त्यानंतर परीक्षकाचा सूर पालटला.

ह्या दोन्ही प्रसंगांत विद्यार्थ्याने दिलेले उत्तर आपल्याकडील कोणत्याही वर्गात उद्धटपणाचे ठरले असते. परंतु येथे त्याचा शेवट मिठीत अथवा सद्भावात झाला. ह्याचे कारण असे की, दोन्ही परीक्षकांनी अखेरीस एकच कसोटी मान्य केली. उत्तर बरोबर आहे काय आणि त्याचे कारण देता येते काय, एवढेच त्यांनी पाहिले. ज्या अध्यापकाला ही कसोटी स्वतःलाही लावून घेता येत नाही, त्याचे काय होते, ते पुढील प्रसंगावरून दिसते.

३

झां-आंरी हासेनफ्राट्झ हे शाळेचे पहिले पदार्थविज्ञानाचे अध्यापक. लाव्हाझिए ह्यांच्या वर्तुळात त्यांनी काम केले होते. १७८७ च्या सुमारास नव्या रसायनशास्त्रासाठी चिन्हांची एक पद्धती त्यांनी आदे ह्यांच्यासह सुचविली होती. लोहविद्येवरील त्यांचा मोठा ग्रंथ १८१२ मध्ये बाहेर पडला. राज्यक्रांतीत ते कट्टर जॅकोबिन म्हणून वावरले. तात्पर्य, हा मनुष्य सामान्य नव्हता. परंतु गणिती पदार्थविज्ञान हा त्यांचा प्रांत नव्हता, आणि समोर बसलेली मुले तर गणितावरच निवडून आलेली होती.

आरागो सांगतात की, इंद्रधनुष्याच्या उपपत्तीचा प्रश्न आला की फळ्यापाशी गेलेले विद्यार्थी मुद्दाम चुका करीत; पण त्या चुका अशा बेताने योजलेल्या असत की एक चूक दुसरीला खोडून काढी आणि शेवटी उत्तर बरोबर येई. मुख्य इंद्रधनुष्याची कोनीय त्रिज्या सुमारे ४२ अंश असते. तो आकडा फळ्यावर उमटताच, केवळ उत्तरावरून सिद्धतेचा निवाडा करणारे अध्यापक मोठ्याने शाबासकी देत, आणि बाकांवर हशा पिके.

ह्या विनोदाची घडण बारकाईने पाहण्याजोगी आहे. परस्परांना खोडणाऱ्या चुका योजणे हे सरळ उत्तर काढण्याहून कठीण काम आहे. त्यासाठी खरी रीत पक्की ठाऊक असावी लागते. म्हणजे ही थट्टा अज्ञानातून नव्हे, तर ज्ञानाच्या अतिरेकातून निघाली होती. शिवाय चुकांच्या परस्परलोपाचा विषय त्या काळी गणिताच्या विद्यार्थ्यांना परका नव्हता. कलनशास्त्रात दोन चुका एकमेकींना मारतात आणि म्हणून उत्तर खरे येते, असा आक्षेप बर्कली ह्यांनी १७३४ मध्ये घेतला होता. आणि ह्याच परस्परलोपाच्या तत्त्वावर त्या शास्त्राचे समर्थन करणारा ग्रंथ शाळेच्या संस्थापकांपैकी असलेल्या लाझार कार्नो ह्यांनी १७९७ मध्ये प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांच्या मनात तो ग्रंथ होता असे म्हणण्यास आधार नाही. तथापि ज्या शाळेत असा विनोद सुचतो, ती कोणत्या वातावरणात श्वास घेत होती हे त्यावरून कळते.

दुसरा प्रसंग अधिक प्रसिद्ध आहे. एका विद्यार्थ्याचा हासेनफ्राट्झ ह्यांच्याशी बाहेर एका बैठकीत वाद झाला. आता वर्गात आपल्याला फळ्यापाशी बोलावून कोंडीत पकडले जाणार, अशी त्याच्या मित्रांची अटकळ होती, आणि झालेही तसेच. अध्यापकाने प्रास्ताविक म्हणून विचारले की, तुम्ही चंद्र पाहिला आहे ना? विद्यार्थ्याने नाही म्हणून सांगितले. पुनःपुन्हा विचारले तरी उत्तर तेच. संतापलेल्या अध्यापकाने देखरेखीवरील अधिकाऱ्याकडे तक्रार केली की, ह्यांनी चंद्र कधी पाहिलाच नाही असे हे म्हणतात. मी त्याला काय करणार, असे तो अधिकारी निर्विकारपणे उत्तरला. शेवटी विद्यार्थ्याने एवढेच कबूल केले की, चंद्राविषयी ऐकलेलेच नाही असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु पाहिलेला मात्र नाही. त्याला जागेवर पाठविण्यावाचून अध्यापकाला गत्यंतर राहिले नाही.

सापळा कोठे होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. चंद्र पाहिल्याचे मान्य केले की त्यापुढील अवघड प्रश्नांची मालिका सुरू होणार होती. विद्यार्थ्याने मालिकेतील पहिले गृहीतच नाकारले. गृहीत मान्य नसेल तर पुढील युक्तिवाद उभा राहत नाही, हा भूमितीचा पहिला धडा त्याने अध्यापकावरच उलटविला. ह्यानंतर हासेनफ्राट्झ केवळ नावाचे अध्यापक उरले, असा आरागोंचा निष्कर्ष आहे. वस्तुतः ते त्यानंतरही बरीच वर्षे त्या पदावर होते. तेव्हा विद्यार्थ्यांच्या स्मृतीत जो पराभव अंतिम ठरतो तो संस्थेच्या दप्तरात उमटतोच असे नाही. मात्र वर्गात रोज उभे राहणाऱ्या त्या प्रौढ माणसाला ती वर्षे कशी गेली असतील, ह्याचा विचार हसणाऱ्या पिढीने केल्याचे दिसत नाही.

४

१८०४ मध्ये नेपोलियनने शाळेला लष्करी स्वरूप दिले आणि १८०५ मध्ये सेंत-झनव्हिएव्ह टेकडीवरील जुन्या नव्हार विद्यालयाच्या इमारतीत विद्यार्थ्यांना वस्तीस आणले. गणवेश, कवायत, पहारा आणि नगाऱ्याच्या ठोक्यावर बांधलेला दिनक्रम सुरू झाला. वेतन गेले, आणि त्याऐवजी वर्षाला ८०० फ्रँक विद्यार्थ्यांकडूनच घेतले जाऊ लागले. गरीब घरच्या गुणी मुलांची वाट त्यामुळे किती अवघड झाली असेल, हे सांगणे नको.

सम्राटाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेण्याचा प्रसंग ह्याच संधिकाळातील. शाळेचे प्रमुख जनरल लाक्युए ह्यांच्यासमोर एकेकाचे नाव पुकारले जाई आणि त्याने शपथ घेतो म्हणून सांगावयाचे असे. आरागोंच्या कथनाप्रमाणे बहुतेक विद्यार्थ्यांनी त्याऐवजी फक्त ‘हजर’ असे उत्तर दिले. नाव पुकारल्यावर हजर म्हणणे ह्यात बेशिस्त ती कसली? पण त्या एका शब्दाने शपथेची हजेरी झाली आणि साम्राज्याचा सोहळा वर्गातल्या नित्यकर्माच्या पातळीवर आला. ह्यानंतर ब्रिसो नावाच्या विद्यार्थ्याने, ज्याचे वडील जिराँदिन पुढारी होते आणि १७९३ मध्ये गिलोटिनखाली गेले होते, सरळच नकार दिला. तेव्हा हशा थांबला. त्याला पकडण्याची आज्ञा सशस्त्र सोबत्यांना झाली. ती त्यांनी पाळली नाही. सोबत्यांवर असा प्रसंग येऊ नये म्हणून तो आपण होऊन पुढे झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला शाळेतून काढण्यात आले.

विनोदाची मर्यादा येथे दिसते. ‘हजर’ म्हणणारे शाळेत राहिले. नाही म्हणणारा गेला. अवघड वेळी थट्टा हे धैर्याचे रूप असते, तसेच ते सुरक्षित राहण्याचेही एक साधन असते. प्रजासत्ताकवादी विद्यार्थ्यांना घालवून देण्याचा नेपोलियनचा विचार होता. परंतु यादीतील पहिलेच नाव गुणानुक्रमे अग्रभागी असलेल्या विद्यार्थ्याचे निघाले, तेव्हा पहिल्या क्रमांकाला काढता येत नाही असे म्हणून त्याने तो विषय सोडून दिला, असेही आरागो सांगतात. गुणवत्तेची कसोटी सम्राटाला स्वतःलाच अशी बांधून टाकीत होती.

५

ह्या साऱ्या परंपरेतील सर्वांत महाग पडलेले उत्तर ऑग्यूस्त कोंत ह्यांच्या नावावर आहे. पुढे प्रत्यक्षार्थवादाचे प्रवर्तक म्हणून प्रसिद्धी पावलेले कोंत १८१४ मध्ये शाळेत आले. त्याच सालच्या मार्चमध्ये पॅरिसच्या वेशीवर विद्यार्थ्यांनी तोफा चालविल्या होत्या. नंतर राजेशाही परतली, आणि शाळेकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

१८१६ मध्ये एका रेपेतित्यरची वागणूक विद्यार्थ्यांना असह्य झाली. परीक्षा घेताना तो आरामात पाय पसरून बसे. कोंत त्याच्यासमोर तितक्याच ऐसपैस पवित्र्यात उत्तरे देऊ लागले. मुला, तुझी बसण्याची रीत चांगली नाही, असे त्याने म्हणताच, आपले उदाहरण गिरविले तर चांगलेच होईल असे मला वाटले, अशा आशयाचे उत्तर कोंतांनी दिले. प्रकरण वाढले. हा अध्यापक शाळेचाच माजी विद्यार्थी होता. तरीही त्याने पुन्हा शाळेत पाऊल ठेवू नये, असे पत्र विद्यार्थ्यांनी लिहिले. त्यावर कोंतांची सही होती. सरकारला निमित्त हवेच होते. एप्रिल १८१६ मध्ये एका राजाज्ञेने सारी शाळाच विसर्जित करण्यात आली आणि विद्यार्थ्यांना घरोघर पाठविण्यात आले. पुढे १८१७ च्या आरंभी ती नव्या रूपात उघडली. कोंतांचे शिक्षण मात्र अपुरेच राहिले.

उत्तराचा साचा तोच आहे. अध्यापक हा आदर्श होय, असे शाळा सांगते. मग आदर्शाचे अनुकरण हा अपराध कसा? परंतु तर्काने जिंकलेला वाद व्यवहारात हरता येतो, हे ह्या प्रसंगाने शिकविले. ह्या कथेचा उत्तरार्धही विसरता कामा नये. ज्या पदाची त्यांनी थट्टा केली त्याच रेपेतित्यरच्या पदावर १८३२ मध्ये कोंत स्वतः नेमले गेले. नंतर ते प्रवेशपरीक्षकही झाले. परीक्षकाचे काम १८४४ मध्ये गेले, रेपेतित्यरचे १८५१ मध्ये. प्राध्यापकपद त्यांना कधीच मिळाले नाही.

६

शाळा पुन्हा उघडल्यावर हा विनोद वर्गातून अंशतः बाहेर पडला आणि त्याला एक मान्यताप्राप्त जागा मिळाली. १८१८ च्या सुमारास ‘सावल्यांची बैठक’ सुरू झाली. पॅरिसमध्ये सेराफँ ह्यांचा सावल्यांचा खेळ लोकप्रिय होता. त्याच धर्तीवर विद्यार्थी पडद्यावर अध्यापकांच्या व अधिकाऱ्यांच्या छायाकृती नाचवीत आणि त्यांच्या लकबींची नक्कल करीत. ज्यांची नक्कल होई तेही प्रेक्षकांत बसलेले असत. वर्षातून एक दिवस मोकळीक देऊन उरलेले दिवस शिस्तीत घालवावयाचे, ही तडजोड उभयपक्षी सोयीची होती.

ह्याच काळात शाळेची स्वतंत्र बोली रूढ होत गेली. १८०४ च्या प्रवेशपरीक्षेत लायुस राजाचे भाषण हा निबंधाचा विषय होता. तेव्हापासून लांबलचक भाषणाला ‘लायुस’ हा शब्द मिळाला आणि तो पुढे सर्वसाधारण फ्रेंच भाषेत शिरला. लांबलेल्या भाषणाविषयीचा हा तिटकारा थोरामोठ्यांच्या वाट्यालाही आला. विश्लेषणशास्त्राचे प्राध्यापक कोशी ह्यांची व्याख्याने अतिशय काटेकोर, पण ठरलेल्या वेळेपुढे जाणारी असत. एप्रिल १८२१ मध्ये अशाच एका व्याख्यानाच्या वेळी विद्यार्थ्यांनी गलका करून ते बंद पाडले. आधुनिक गणिताचा पाया घालणारा त्यांचा अभ्यासक्रमग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. हासेनफ्राट्झ ह्यांच्या बाबतीत विद्यार्थ्यांचा कौल निदान विषयाच्या ज्ञानावर आधारलेला होता. कोशींच्या बाबतीत तो केवळ घड्याळावर आधारलेला दिसतो. वर्गाचा हशा नेहमीच न्यायी असतो, असे समजण्याचे कारण नाही. जुन्या विद्यार्थ्यांनी नवागतांची जी छळवणूक चालविली होती तिच्याकडे पाहिल्यास हे अधिकच पटते. तेथे थट्टेचे शस्त्र वरच्यावर नव्हे, खालच्यावर चालत होते.

७

अशा हकीकतींवर कितपत विसंबावे, हा प्रश्न उरतो. आरागोंनी आपल्या आठवणी लिहविल्या तेव्हा मधे जवळजवळ पन्नास वर्षे गेली होती, आणि मधल्या काळात १८४८ च्या प्रजासत्ताकात ते मंत्रीही झाले होते. शपथेच्या प्रसंगाला त्यांच्या कथनात मिळालेला उठाव ह्या दृष्टीने वाचला पाहिजे. आख्यायिका वाढत कशा जातात, ह्याचेही उदाहरण ह्याच शाळेच्या परिसरात आहे. एव्हारिस्त गाल्व्हा ह्या असामान्य गणितज्ञाला १८२८ आणि १८२९ मध्ये येथे दोनदा प्रवेश नाकारला गेला, हे निश्चित आहे. परंतु दुसऱ्या परीक्षेत त्याने फळा पुसण्याचे फडके परीक्षकाच्या तोंडावर फेकले, ही सर्वश्रुत गोष्ट पुराव्यापेक्षा पुनरुक्तीवरच अधिक उभी आहे.

म्हणून संवादातील शब्दन् शब्द खरा मानू नये. पण कथेचा साचा मात्र गांभीर्याने घ्यावा. हजर, चंद्र आणि अनुकरण ह्या तीन उत्तरांतील प्रसंग भिन्न आहेत, माणसे भिन्न आहेत, पण साचा एकच आहे. विद्यार्थी नियम मोडत नाही, तो नियम अक्षरशः पाळतो, आणि त्या पाळण्यानेच अधिकाऱ्याला निरुत्तर करतो. अशा कथा पिढ्यानुपिढ्या सांगितल्या गेल्या, त्या अर्थी ह्या शाळेत बुद्धिमान असणे म्हणजे काय, ह्याची विद्यार्थ्यांची कल्पना त्यांत साठलेली आहे.

आपल्याकडील जुन्या विद्यालयांचे इतिहास लिहिणारांनी अहवाल व पटपत्रके जरूर पाहावीत. परंतु वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या तोंडी असलेली टोपणनावे, नकला आणि किस्से हेही टिपून ठेवावेत. अहवाल पुढेही दप्तरात सापडतील. किस्से मात्र सांगणारा गेला की त्याच्याबरोबर जातात, आणि मग त्या संस्थेत फळ्यापाशी उभा राहणारा मुलगा निर्भय होता की भयभीत, हे सांगावयास कोणीही उरत नाही.